पाना कुणाच्या हातात?

(विश्रांतवाडी परिसरातील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा संक्षेप करून.)

आपल्या बैठकांमध्ये आपण पोटगीबद्दल बोलतो, रेशनबद्दल बोलतो, मारहाणीबद्दल आणि पाण्याच्या टँकरबद्दल बोलतो. आज मी मोटारीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहे. आपल्या गटाच्या जुन्या मारुती ८०० चं हेड गॅस्केट आपल्यातल्या सहाजणींनी घरच्या अंगणात बदललं. ते कसं बदललं हे तर सांगणार आहेच. पण त्या कामात आम्हाला काय अडलं आणि काय अडलं नाही, हे सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाईच्या वाट्याला यंत्र का येत नाही, याची जी कारणं आपल्याला लहानपणापासून सांगितली जातात, ती खरी नाहीत. खरी कारणं वेगळी आहेत आणि ती आपल्या रोजच्या घरकामात दडलेली आहेत.

ही गाडी आपल्यासाठी काय आहे, हे नव्या मैत्रिणींना माहीत असावं म्हणून सांगते. १९९८ सालची गाडी. एका हितचिंतक बाईंनी गटाला दिली. रात्री अकरा वाजता एखादी बाई मुलांना घेऊन घराबाहेर पडते, तेव्हा तिला चौकीत न्यायचं असतं, कधी ससूनला न्यायचं असतं. आळंदी रोडवर त्या वेळी रिक्षा मिळतेच असं नाही आणि मिळाली तरी अंगावर मार असलेल्या बाईला रिक्षात एकटी पाठवायला मन होत नाही. म्हणजे गाडी बंद पडली की आपल्या कामाचा एक हातच बंद पडतो. पुन्हा कुणाच्या तरी भावाला, कुणाच्या तरी नवऱ्याला फोन करावा लागतो आणि 'एवढ्या रात्री कशाला?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

गाडी गरम व्हायला लागली. एका गॅरेजमध्ये नेली. तिथे पहिला प्रश्न आला, "घरी कुणी जेन्ट्स आहेत का? त्यांच्याशी बोलतो." आम्ही म्हटलं, गाडी आमची आहे, आमच्याशीच बोला. मग दहा मिनिटांत सांगण्यात आलं की इंजिन खोलावं लागेल, चाळीस हजार लागतील. काय बिघडलंय, ते कशावरून कळलं, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, ते तुम्हाला नाही कळायचं."

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण कुठे कुठे ऐकतो ते आठवून पाहा. गर्भाशय काढायला सांगणारे डॉक्टर हेच म्हणतात. जमिनीच्या कागदावर अंगठा मागणारे दीर हेच म्हणतात. ज्ञान नसण्यापेक्षा, ज्ञान मागायचा हक्कच नाही असं मानलं जाणं, हा आपला जुना अनुभव आहे. म्हणून आम्ही ठरवलं की आधी समजून घ्यायचं आणि मग जमलं तर स्वतः करायचं.

गॅस्केट म्हणजे काय?

कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, वाफ कडेने निसटते. आपण दुकानातून नवी रिंग आणतो आणि बसवतो. त्यासाठी कुणी मिस्त्री बोलावत नाही. कुकरच्या रिंगलासुद्धा गॅस्केटच म्हणतात. काम तेच, दोन धातूंच्या मधली फट बंद करायची.

इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खालचा ब्लॉक. त्यात सिलिंडर असतात आणि त्यात पिस्टन वरखाली होतात. मारुती ८०० मध्ये असे तीन सिलिंडर आहेत, सगळे मिळून ७९६ सीसी. वरचा भाग म्हणजे हेड. त्यात व्हॉल्व असतात, स्पार्क प्लग असतात. या दोघांच्या मध्ये जे पातळ पान बसतं ते हेड गॅस्केट. गॅरेजमध्ये त्याला हेड पॅकिंगही म्हणतात. कुकरच्या रिंगला फक्त वाफ अडवायची असते. हेड गॅस्केटला तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. सिलिंडरमधला जळता वायू, इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि इंजिनाचं ऑइल. तिन्ही एकाच पानातल्या वेगवेगळ्या भोकांमधून जवळून जातात. पान कुठेही जळलं किंवा फाटलं की या तिघांची सरमिसळ होते.

आता ते का जळतं? आपल्या गाडीचा ब्लॉक बिडाचा आहे आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन नेमाने ठरलेल्या तापमानात चालत असेल तर गॅस्केट हे सहन करतं. पण गाडी उकळली आणि तशीच चालवली, की हेड वाकडं होतं, दाब सगळीकडे सारखा राहत नाही आणि पान जळतं. म्हणजे गॅस्केट आपणहून क्वचितच जातं. बहुतेक वेळा ते आधी झालेल्या कशाचा तरी परिणाम असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा येणार आहे.

निदान आपलं आपण

गॅस्केट गेलं हे कसं ओळखायचं? बाहेर कुठेही गळती नसताना रेडिएटरमधलं पाणी कमी होतं. इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दूध घातलेल्या चहासारखा साय धरलेला रंग दिसतो. गाडी धक्के खात चालते, ताकद कमी होते.

पण एका लक्षणावरून निकाल देऊ नका. थंडीच्या सकाळी प्रत्येक गाडी थोडा वेळ पांढरी वाफ सोडते. पावसाळ्यात गाडी रोज दोनच किलोमीटर चालत असेल तर झाकणाखाली साध्या दमटपणानेही तो चहाचा रंग येतो. म्हणून खात्री करायची. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढायचं, गाडी सुरू करायची आणि पाण्याकडे पाहायचं. बुडबुडे येतच राहिले, थांबलेच नाहीत, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे असं समजायचं. दुसरी तपासणी कॉम्प्रेशनची. स्पार्क प्लग काढून तिथे दाब मोजायचं मीटर लावायचं. आमच्या गाडीत पहिल्या सिलिंडरचा दाब चांगला होता, दुसऱ्या आणि तिसऱ्याचा दोन्हींचा पडलेला होता. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकदम कमी, म्हणजे त्यांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळली असण्याची शक्यता मोठी.

इथे एक सूचना, ती कधीही विसरू नका. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण फिरवलं की ते तोंडावर उडतं. शिट्टी पडायच्या आधी कुकर उघडत नाही, तसंच हे.

हे दोन निकाल हातात आले तेव्हाच 'इंजिन खोलावं लागेल' या वाक्यातली हवा निघून गेली. हेड काढावं लागणार होतं हे खरं. पण पिस्टन, क्रँक, सगळं इंजिन खोलायची गरज दिसत नव्हती.

काम

आमच्याबरोबर एक काका होते. लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, याच भागात राहणारे. त्यांना आम्ही एकच अट घातली होती. तुम्ही खुर्चीवर बसायचं, बोलायचं, दाखवायचं, पण पाना हातात घ्यायचा नाही. त्यांनी ती अट पाळली. त्यांना ते किती जड गेलं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शिकवणाऱ्या माणसाने हात मागे ठेवणं, हीसुद्धा एक शिकायची गोष्ट आहे.

क्रम असा होता. इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. रेडिएटरच्या खालचा बोळा उघडून पाणी घमेल्यात घेतलं. कुलंट चवीला गोड पण विषारी असतं. ते गटारात सोडायचं नाही, मुलं किंवा कुत्री पोचतील असं उघडं ठेवायचं नाही. मग एअर क्लीनर, कार्बुरेटर, होज पाइप, वायरी. प्रत्येक पाइपला आणि वायरीला चिकटपट्टीवर नंबर लिहून लावला आणि वहीत चित्र काढलं. मोबाइलवर फोटोही काढले. सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डचे नट गंजलेले होते. त्यावर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं.

त्यानंतर टायमिंग बेल्ट. खालची क्रँक आणि वरची कॅम यांचं नातं या पट्ट्याने बांधलेलं असतं. कोणता व्हॉल्व कधी उघडायचा ते त्यावर ठरतं. म्हणून पट्टा काढण्याआधी दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळवायच्या, पांढऱ्या रंगाने ठळक करायच्या आणि पट्टा निघाल्यावर कुठलंच चाक फिरवायचं नाही. डिस्ट्रिब्युटरच्या जागेवरही खूण करायची. आमच्यात एकजण शिवणकाम करते. तिला हे एका वाक्यात कळलं. शिलाई मशीनमध्ये सुई आणि शटल यांची वेळ चुकली की टाका पडत नाही, ती वेळ ती गेली पंधरा वर्षं स्वतः जुळवते आहे. पण शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाईला आपण कधी मेकॅनिक म्हणतो का?

हेडचे बोल्ट सोडताना कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत सोडायचे. एकदम एक बोल्ट पूर्ण सोडला तर हेड वाकू शकतं. बोल्ट खोक्याच्या पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून त्याच जागी खोचून ठेवले. बोल्ट सुटत नव्हते तिथे पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालून लांबी वाढवली. दोघींनी मिळून हेड उचललं आणि लाकडी फळीवर आडवं ठेवलं. उपडं ठेवलं तर उघडे व्हॉल्व वाकतात.

गॅस्केट हातात आलं तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली पट्टी काळी पडून तुटलेली सगळ्यांनी पाहिली. ते पान मी इथे आणलं आहे, एकमेकींकडे द्या, बोट लावून बघा.

मग साफसफाई. अ‍ॅल्युमिनियमवर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर चालवायचा नाही, चरे पडतात. प्लॅस्टिकच्या खरवडणीने जुन्या पॅकिंगचे तुकडे काढायचे आणि सिलिंडरमध्ये फडकी कोंबून ठेवायची, म्हणजे कचरा आत पडत नाही. नंतर सरळ पोलादी पट्टी हेडवर उभी, आडवी आणि तिरकी ठेवून खालून फिलर गेज घालून पाहायचं. मारुतीच्या अशा हेडला वाकडेपणाची मर्यादा ०.०५ मिलिमीटर धरतात. आमचं हेड त्याहून जास्त वाकलेलं होतं. ते काम घरी होत नाही. हेड मशीन शॉपमध्ये दिलं, तिथे प्रेशर देऊन तडा नाही ना हे तपासून घेतलं आणि फेसिंग करून आणलं. गॅस्केटचा सेट, नवा टायमिंग बेल्ट आणि बाकीचं सामान नाना पेठेतून आणलं.

घरी काय करायचं आणि काय बाहेर द्यायचं, ही सीमा ओळखणं कामाचाच भाग आहे. ब्लॉकला किंवा हेडला तडा असेल तर थांबायचं. आताच्या अनेक नव्या गाड्यांत हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, टायमिंगची साखळी असते, खास हत्यारं लागतात. त्या गाडीला हात घालण्याआधी तिचं पुस्तक वाचायचं.

जोडताना बोल्टच्या भोकांतलं ऑइल आणि पाणी पुसून काढलं. तिथे द्रव राहिला तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. नवं गॅस्केट कोरडंच, वरची बाजू वर ठेवून बसवलं. बोल्ट आवळताना क्रम उलटा, मध्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत, आणि टॉर्क रेंचनेच. मग टायमिंगच्या खुणा जुळवल्या, टॅपेट लावले, ऑइल आणि फिल्टर बदलला, नवं कुलंट भरलं. गाडी सुरू करून पंखा लागेपर्यंत हवा निघू दिली. बुडबुडे थांबलेले होते.

आमचा खर्च, रेडिएटर साफ करण्यासकट, साडेसात हजारांच्या आत बसला. काकांनी पैसे घेतले नाहीत. हत्यारं अर्धी मागून आणली होती.

ताकदीची गोष्ट

आता टॉर्क रेंचबद्दल थोडं. बायकांना हे काम जमत नाही याचं पहिलं कारण नेहमी 'ताकद' असं सांगितलं जातं. या इंजिनाच्या हेडच्या बोल्टला सहा किलोग्रॅम-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या दांड्यावर साधारण बारा किलोंचा जोर. नळावरून भरलेला हंडा उचलून जिना चढणाऱ्या बाईला हा आकडा ऐकून हसू येईल. बरं, इथे जास्त ताकद लावणं हाच दोष आहे. आकड्याच्या पुढे आवळलं तर आटे जातात. म्हणजे या कामात मोजूनमापून हात आवरणं लागतं, आणि तरी ते ताकदीचं म्हणून पुरुषांच्या नावावर चढवलेलं आहे.

ही समजूत फक्त घरात नाही, ती कायद्यात आणि जाहिरातींतही लिहिलेली होती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्ये असं होतं की चालू असलेलं मूळ इंजिन किंवा ते फिरवणारी यंत्रणा साफ करणं, तिला तेल घालणं, ती जुळवणं, हे काम स्त्रीला किंवा अल्पवयीन व्यक्तीला करू द्यायचं नाही. हेतू सुरक्षिततेचा होता हे मान्य. पण चालत्या यंत्रात हात पुरुषाचाही जातो. मग नियम सगळ्यांसाठी का नव्हता? प्रौढ स्त्रीला मुलांच्या रांगेत बसवलं की यंत्राभोवतीचं कसबाचं कामही तिच्यापासून दूर जातं.

१९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलेलं होतं. तेव्हा बंगळूरमध्ये शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. पुण्यात मुलाखत झाली आणि त्यांना नोकरी मिळाली. १९८८ मध्ये परभणीहून आलेल्या शीला डावरे याच पुण्यात रिक्षा चालवू लागल्या आणि देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून ओळखल्या गेल्या. ही दोन्ही नावं आपण अभिमानाने घेतो. पण एक इंजिनिअर होत्या आणि दुसऱ्या चालक. मधलं जे काम आहे, हात काळे करून दुरुस्तीचं, तिथे आपल्या वस्त्यांमधल्या बायका आजही फारशा दिसत नाहीत. विश्रांतवाडीपासून खडकी लांब नाही. तिथल्या किर्लोस्करांच्या ऑइल इंजिनांच्या कंपनीची स्थापना १९४६ मध्ये झाली. त्याच घराण्याने १९३० मध्ये 'स्त्री' मासिक सुरू केलं होतं. म्हणजे आपल्या मराठी मुलखात इंजिन आणि स्त्री यांचा पत्ता एकच होता. तरी दोघींची ओळख मात्र झाली नाही.

मग अडलं कुठे?

आम्हाला ताकद अडली नाही, बुद्धीही अडली नाही. अडला तो वेळ.

पुस्तकातल्या हिशेबाने हे काम दोन दिवसांचं. आम्हाला तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी हेडचे बोल्ट सोडायची वेळ आली तेव्हा साडेबारा वाजले होते. एकजण म्हणाली, सासूबाईंची गोळी जेवणानंतरची आहे, जाते. दुसरीच्या घरून तीनदा फोन आला, डबा कुठे आहे, टॉवेल कुठे आहे. तिसरीचं लहान मूल तिच्याच मांडीवर होतं आणि हात ग्रीसचे. सहाजणींपैकी एकही सलग तीन तास बसू शकली नाही. आता तुमच्या सोसायटीत रविवारी गाडी खोलून बसलेला पुरुष आठवा. त्याला आत चहा लागतो, दोन वाजता ताट लागतं, मुलं कुणीतरी सांभाळत असतं आणि संध्याकाळी त्याचे तेलकट कपडे कुणीतरी धुतं. 'घरच्या घरी दुरुस्ती' म्हणतात ती त्या बाईच्या श्रमावर उभी असते, पण हिशेबात तिचं नाव नसतं.

दुसरी गोष्ट जागेची. मुलगा आठ-दहा वर्षांचा असतो तेव्हापासून कोपऱ्यावरच्या गॅरेजपाशी उभा राहतो. पाने आणून देतो, पाहतो, शिव्या खातो, शिकतो. तिथलं 'छोटू'चं शोषणही आपण विसरत नाही. लहान मुलाला कामाला लावणं गुन्हाच आहे, आणि ती पोरं आपल्याच वस्तीतली आहेत. पण नुसतं उभं राहून पाहण्याची मुभासुद्धा मुलीला नसते. ती तिथे पाच मिनिटं थांबली तर वस्तीत चर्चा होते. पुरुषाला यंत्राची 'उपजत' जाण असते म्हणतात, ती या उभं राहण्यातून आलेली असते.

तिसरी गोष्ट शब्दांची. टॅपेट, टॉर्क, फेसिंग, हे शब्द माहीत नसले की प्रश्नच विचारता येत नाही. ज्या दिवशी आम्ही मशीन शॉपमध्ये विचारलं, "फेसिंग किती काढलंत? प्रेशर टेस्ट दाखवा," त्या दिवशी 'जेन्ट्स' कुणी शोधले नाहीत. कारागिराने नीट उत्तर दिलं, हेड दाखवलं. मेकॅनिक आपले शत्रू नाहीत. त्यातले बहुतेक आपल्यासारखेच हातावर पोट असलेले आहेत. पण ज्याला तपासता येत नाही त्याला फसवणं सोपं असतं, आणि आपण वर्षानुवर्षं न तपासणारं गिऱ्हाईक राहिलो आहोत.

कारण शोधल्याशिवाय काम संपत नाही

मघाशी म्हटलं होतं की गॅस्केट बहुधा आपणहून जात नाही. नवं गॅस्केट बसवून आम्ही थांबलो असतो तर दोन महिन्यांत तेही गेलं असतं. शोध घेतला तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. रेडिएटरच्या नळ्या क्षाराने निम्म्या बुजलेल्या होत्या, कारण वर्षानुवर्षं कुलंटऐवजी बोअरचं पाणी भरलं गेलं होतं. आणि थर्मोस्टॅट कुणीतरी कधीतरी काढूनच टाकलेला होता. 'आपल्याकडे गरम हवा, त्याची गरज नाही' असं सांगून काही गॅरेजवाले तो काढतात. त्याने इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि उकळण्याचं मूळ कारण झाकलं जातं. आम्ही रेडिएटर साफ करून घेतला, थर्मोस्टॅट बसवला, पंख्याचा स्विच आणि पाण्याचा पंप तपासला.

आपल्या समाजकार्यात हेच होत नाही का? मार खाल्लेल्या बाईला घरी नेऊन 'समजूत घातली' की केस मिटली असं धरलं जातं. आग कुठे आहे हे कुणी पाहत नाही. गॅस्केट बदललं जातं, रेडिएटर तसाच राहतो.

पुढे काय करायचं?

प्रत्येकीने हेड गॅस्केट बदलायला शिकावं, असं माझं म्हणणं नाही. आपल्या बहुतेकजणींकडे गाडीच नाही. पण स्कूटी आहे, शिलाई मशीन आहे, पाण्याची मोटर आहे, मिक्सर आहे, भाच्याची रिक्षा आहे. म्हणून चार प्रस्ताव मांडते. त्यावर आजच चर्चा होऊन निर्णय व्हावा.

पहिला, गटाच्या नावाने हत्यारांची एक पेटी करायची. रिंग पाने, गोटी पाने, पक्कड, फिलर गेज, टेस्टर आणि जमेल तेव्हा टॉर्क रेंच. ती गटाच्या खोलीत राहील, वहीत सही करून कुणीही नेईल.

दुसरा, महिन्यातून एक दुपार यंत्रासाठी. त्या दुपारी मुलं सांभाळायची पाळी ठरवायची आणि त्या पाळीत घरातल्या पुरुषांचीही नावं घालायची. जेवण ते करतील. ही अट मान्य झाल्याशिवाय बाकीचे प्रस्ताव कागदावर राहतील, हे तीन रविवारांनी आम्हाला शिकवलं आहे.

तिसरा, आपल्या मुलींपैकी ज्यांना दहावीनंतर आयटीआयला जायचं आहे, त्यांनी फॉर्म भरताना मोटर मेकॅनिक, फिटर, इलेक्ट्रिशियन हेही ट्रेड लिहावेत. घरून विरोध झाला तर गटातल्या दोघींनी घरी जाऊन बोलावं.

चौथा, कुठलीही गाडी किंवा यंत्र दुरुस्तीला दिलं की तीन गोष्टी मागायच्या. काय बिघडलं ते कशावरून कळलं, जुना सुटा भाग परत, आणि लेखी बिल. तिघी-चौघींनी सातत्याने हे मागितलं की कोपऱ्यावरच्या गॅरेजची सवय बदलेल.

गाडी सध्या चालू आहे. तिची वही दाराजवळच्या खिळ्याला टांगली आहे. दर सोमवारी इंजिन थंड असताना ऑइल आणि कुलंट पाहून तारीख लिहायची आहे. या महिन्याची पाळी कुणाची, ते बैठक संपायच्या आत ठरवूया.